देवाशी भांडता आहात, म्हणजे बोलणं अजून चालू आहे

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ५३. गेली तेरा वर्षं मला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. आधी बोटं धरली, मग मनगटं, आता गुडघे आणि खांदेही. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही. बरणीचं झाकण, साडीची पिन, औषधाची पट्टी, सगळ्यासाठी कुणाला तरी हाक मारावी लागते.

लहानपणापासून माझा देवावर विश्वास. रोज जप करायची. आता मणी ओढताना अंगठा दुखतो. पण खरं सांगायचं तर अंगठा हे निमित्त आहे, मनच लागत नाही. सगळं कोरडं वाटतं. रात्री जाग आली की मी देवाशी भांडते, तोंडाला येईल ते बोलते. सकाळी स्वतःची लाज वाटते.

घरातली मोठी माणसं म्हणतात, मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे. एक नातेवाईक म्हणाले, तुमची श्रद्धा कमी पडते. त्यांच्या सांगण्यावरून दोन महिने गोळ्या बंद ठेवून नेमानं उपासना केली. त्रास इतका वाढला की धावतपळत डॉक्टर गाठावे लागले. आता उपासना फळली नाही, त्याचाही दोष माझ्याच माथी.

ओळखीतल्या एका बाईंना हाच आजार नुकताच निघालाय, त्यांच्याशी संध्याकाळी फोनवर बोलते, तेवढा वेळ बरा जातो. बाकी दिवस ढकलायचा. कधी कधी वाटतं, देवानं आता न्यावं. मुलगी १९ वर्षांची आहे. ती विचारते, ‘आई, देव आहे तर तो तुला बरं का करत नाही?’ मला उत्तर देता येत नाही. ताई, या दुःखाला काही अर्थ आहे का? की देव मानणंच सोडून देऊ?

– एक वाचक

---

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते लिहून तुम्ही घाईनं पुढे गेला आहात. ‘देवानं आता न्यावं.’ लांबलेल्या दुखण्यात हे वाक्य पुष्कळांच्या तोंडी येतं आणि बहुतेक वेळा त्यांना ‘आता सोसवत नाही’ एवढंच म्हणायचं असतं. कधी मात्र त्यात त्याहून जास्त काही असतं. तुमचं कोणतं, ते मला पत्रावरून सांगता येणार नाही. म्हणून विनंती आहे की हे वाक्य जसंच्या तसं तुमच्या डॉक्टरांना सांगा. ‘बाकी ठीक आहे’ म्हणून उठू नका. या आजारात नैराश्य पुष्कळदा सोबत येतं, आणि त्यावर उपचार आहेत. मन न लागणं, दिवस ढकलणं, सगळं कोरडं वाटणं ही त्याचीही लक्षणं असू शकतात. जपातला रस गेला तो श्रद्धा आटली म्हणून, की दुखण्यानं मन थकलं म्हणून, हे आधी पाहायला हवं. तुम्ही स्वतःला श्रद्धेत नापास करून मोकळ्या झालात, इतकी घाई नको. आणि विचार जीव द्यावा इथपर्यंत जात असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आजच घरातल्या एकाला सांगा, एकट्या राहू नका आणि लगेच डॉक्टरांशी बोला.

दुसरं, गोळ्या. तुमच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. सूज तशीच राहू दिली की कूर्चा आणि हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. त्या दोन महिन्यांबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही, तुम्ही विश्वासानं केलंत. पण ज्यांनी सांगितलं त्यांनी मोठी जबाबदारी घेतली होती, आणि परिणाम दिसल्यावर ती तुमच्यावर ढकलून दिली. याचा मला राग येतो. पुन्हा कुणी असं सुचवलं तर ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ एवढंच म्हणा आणि विषय संपवा. उपासना आणि औषध दोन्ही एका दिवसात आरामात बसतात.

श्रद्धावान माणसानं वेदना निमूट सोसायची, हा समज मला खटकतो आणि तो श्रद्धेलाही धरून नाही. सिसिली सॉन्डर्स या बाईंचं उदाहरण देते. आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि शेवटी खास याच कामासाठी शिकून डॉक्टर झालेल्या. अतिशय निष्ठावान ख्रिस्ती. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू केलं. वेदना परत उसळेपर्यंत थांबायचं नाही, त्याआधीच ठरल्या वेळी औषध द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता. देवावरच्या श्रद्धेनंच त्या या कामाकडे वळल्या होत्या, आणि त्या श्रद्धेतून वेदना कमी करण्याचा ध्यास आला. वेदना शरीराची असते, मनाची असते, नात्यागोत्यातली असते आणि आत्म्याचीही असते, चारही एकमेकींत गुंतलेल्या असतात, असं त्या मांडत. तुमच्या पत्रात चारही दिसतात. बोटं दुखतात, मन खचलंय, घरातली माणसं टोचतात आणि देव दूर गेल्यासारखा वाटतो. यातल्या प्रत्येकीची काळजी वेगळी घ्यावी लागते. जपानं सूज उतरत नाही आणि गोळीनं देव जवळ येत नाही.

आता ते ‘मागच्या जन्मीचे भोग’. तुमच्या पत्रातला सगळ्यात जड दगड मला हाच वाटला.

हा प्रश्न फार जुना आहे आणि धर्मांनी स्वतःच त्याचा समाचार घेतला आहे. सीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धांना विचारलं होतं की माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानंच होतं, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्धांनी कारणं मोजून दाखवली. पित्त, कफ, वात, तिन्हींचा प्रकोप, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्म. सगळं पूर्वकर्मावर टाकणारे चुकतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कर्मसिद्धांत मानणारा माणूस हे सांगतो आहे, हे लक्षात घ्या. येशूला शिष्यांनी एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारलं, पाप याचं की याच्या आईबापाचं? त्यानं दोन्ही नाकारलं. रामकृष्ण परमहंस १८८६ मध्ये घशाच्या कर्करोगानं गेले, शेवटी घास गिळवत नव्हता. रमण महर्षींच्या हातावर गाठ झाली, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, १९५० मध्ये त्यांनी देह ठेवला. यांची श्रद्धा कमी पडली, असं म्हणायला तुमचे ते नातेवाईक धजावतील का?

आणखी एक साधी गोष्ट. र्‍हुमॅटॉइड संधिवात बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात होतो. मग काय, बायकांनीच मागच्या जन्मी जास्त पापं केली? कर्माचा विचार ज्याला पटतो त्यानं तो आपल्या उद्याच्या वागण्यासाठी जरूर वापरावा. दुसऱ्याच्या अंथरुणाशी उभं राहून त्याचा हिशेब मांडायला तो नाही.

घरातल्या मोठ्यांशी यावरून वाद घालत बसू नका. बहुधा ती माणसं घाबरलेली असतात. आजाराला काही कारण सापडलं की आपल्याला तसं होणार नाही, अशी त्यांना खात्री वाटते. मात्र एकदा शांतपणे सांगा, ‘असं म्हटलं की मला त्रास होतो, माझ्यासमोर म्हणू नका.’ तेरा वर्षं सोसलेल्या माणसाला एवढं म्हणायचा हक्क आहे.

आता रात्रीच्या भांडणाबद्दल, ज्याची तुम्हाला सकाळी लाज वाटते.

ईयोबची कथा तुम्ही ऐकली असेल. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेही त्याला मानतात, कुराणात तो अय्यूब म्हणून येतो. सज्जन, सधन माणूस. मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड उठले. तिघं मित्र भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. अख्ख्या गोष्टीत त्यांनी केलेलं हेच काय ते चांगलं काम. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तुमच्या घरच्यांसारखंच बोलू लागले. काहीतरी पाप केलं असशील, कबूल कर, देव उगाच शिक्षा करत नाही. ईयोब मात्र ऐकत नाही. जन्मलो त्या दिवसाला तो शिव्याशाप देतो, देवाला जाब विचारतो, समोर ये आणि बोल म्हणतो. पानंच्या पानं हेच चाललेलं आहे. शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबलाही ऐकवतो. पण रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही खरं बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं त्यांना सांगतो. देवाची बाजू सावरणारे खोटे ठरले, आणि त्याच्यावर ओरडणारा खरा ठरला.

मला ही कथा फार मोलाची वाटते ती आणखी एका कारणानं. आपल्या वाट्याला हे का आलं, ते ईयोबला शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. देवही सांगत नाही. देव येतो, बोलतो, पण ‘का’चं उत्तर देत नाही. आणि ईयोबला ते पुरतं. कसं पुरलं हे मला शब्दांत नीट सांगता येणार नाही, पण इतकं कळतं की त्याला कारणापेक्षा कुणीतरी ऐकतंय हे हवं होतं.

आपल्याकडे तर देवाशी भांडायची केवढी मोठी रीत आहे! नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठ्ठलाला काय काय म्हणून ठेवलंय. निष्ठुर म्हटलंय, त्याच्याकडे पाठ फिरवायची धमकी दिलीय. जो आहे असं वाटतं, आणि जो ऐकेल असं वाटतं, त्याच्याशीच माणूस भांडतो. तुम्ही रात्री दोन वाजता देवाला बोल लावता तेव्हा तुमची उपासना थांबलेली नसते. फक्त तिचा सूर बदललेला असतो. भगवद्गीतेत भक्तांचे चार प्रकार सांगितलेत, त्यात पहिलं नाव आर्ताचं आहे, दुःखानं पिळवटून हाक मारणाऱ्याचं. आणि चौघांनाही ‘उदार’ म्हटलंय. तुमची हाक त्यात बसते.

तेव्हा भांडण बंद करू नका. उलट ते दिवसा, नीट जाग्या असताना करा. दहा मिनिटं ठरवून बसा आणि मोठ्यानं बोला. काय दुखतंय, कशाचा राग आहे, काय हवंय, सगळं. गोड शेवट करायची गरज नाही. श्रद्धा आणि आजार यांचा अभ्यास करणारे केनेथ पार्गामेंट यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ सांगतात की ‘देव मला शिक्षा करतोय’ आणि ‘देवानं मला टाकलंय’ या भावना आजारी माणसाला खरोखर खचवतात, आणि देव सोबत आहे असं वाटणं बळ देतं. तुमच्या मनात ‘शिक्षा’ बाहेरून भरली गेली आहे. ती बाहेर काढायची तर गप्प राहून निघणार नाही. घरात ऐकणारं कुणी नसेल तर समुपदेशक गाठा, किंवा धर्मातलं असं एखादं जाणतं माणूस शोधा जे उपदेश न करता ऐकून घेईल. पहिल्या भेटीतच त्यानं कारणं सांगायला सुरुवात केली, तर दुसऱ्यांदा जाऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. या दुःखाला अर्थ आहे का?

दुःखातून अर्थ काढणारे थोर लोक आहेत, त्यांच्याकडे जरा जवळून बघू या. तुकोबांच्या काळात १६३० च्या आसपास भयंकर दुष्काळ पडला. त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, व्यापार बुडाला. पुढे त्यांनीच देवाला म्हटलं की बरं झालं हे सगळं झालं, त्यामुळे तुझं चिंतन राहिलं. कुंतीची गोष्ट भागवतात आहे. युद्ध संपलंय, श्रीकृष्ण द्वारकेला निघालाय, आणि ती त्याच्याकडे मागते की आमच्यावर संकटं येतच राहोत, कारण संकटात तू भेटतोस. दोन्ही उदाहरणं तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवलीच असतील, ‘बघा, असं असावं’ म्हणून.

पण दोघंही हे कधी म्हणाले ते बघा. मागे वळून पाहताना म्हणाले. दुष्काळ चालू असताना, बायको डोळ्यांसमोर जात असताना तुकोबांना हे सुचलं असेल असं मला वाटत नाही. आणि दोघंही स्वतःविषयी बोलले. तुकोबांच्या दारात उभं राहून शेजाऱ्यानं ‘बरं झालं तुझी बायको गेली’ म्हटलं असतं, तर ते वाक्य अमानुष झालं असतं. वाक्य तेच आहे, कोण बोलतं त्यावर ते संतवचन ठरतं नाहीतर क्रूरपणा. म्हणून तुमच्या दुःखाचा अर्थ मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही सांगू देऊ नका. तुम्हाला तो एखाद दिवस दिसेल, किंवा दिसणारही नाही. तो शोधून काढणं हे तुमच्यावर लादलेलं आणखी एक काम नाही. दुखऱ्या सांध्यांनी दिवस काढणं एवढं काम पुरेसं आहे.

माझा स्वतःचा विश्वास सांगायचा तर तो असा आहे की देव दुःख धाडत नाही, दुःखात तो माणसाजवळ असतो. इतर श्रद्धावान माणसं वेगळं मानतात आणि त्यांनाही मी मान देते. माझ्या विश्वासातून मला कारण मिळालेलं नाही, सोबत मिळाली आहे. तुमचं तसंच व्हावं असा आग्रह नाही.

जप कोरडा झाल्याचं मात्र फार मनावर घेऊ नका. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या. दहा वर्षांनी त्यांची खाजगी पत्रं प्रसिद्ध झाली आणि लोक थक्क झाले. जवळजवळ ५० वर्षं त्यांना आत देवाचा अनुभव असा नव्हताच, होता तो काळोख. ही गोष्ट त्यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहून कळवली होती, आणि रोजचं काम व रोजची प्रार्थना सोडली नव्हती. काही जणांनी याला ढोंग म्हटलं. मला ती फार मोठी निष्ठा वाटते. काही वाटत असताना प्रार्थना करणं सोपं असतं. तुमच्यासाठी एवढंच म्हणेन की मणी ओढायचा हट्ट सोडा. सकाळी मूठ वळत नाही त्या तास-दीड तासात हात उघडे ठेवून पडल्या पडल्या नाव घ्या, पाच वेळा घेतलं तरी चालेल. संख्या पुरी करायची नाही. तेही नको वाटलं, तर त्या दिवशी घेऊ नका.

देव मानणं सोडून देऊ का, असं तुम्ही विचारलंत. सोडल्यानं तुम्ही वाईट ठरणार नाही. देव न मानता धीरानं आजार काढणारी माणसंही असतात. पण हा निर्णय दुखण्याच्या ऐन भरात, रात्री दोन वाजता, नातेवाइकांच्या बोलण्यानं जखमी होऊन घेऊ नका. त्यांनी सांगितलेला शिक्षा देणारा, हिशेब ठेवणारा देव तुम्हाला आज नकोसा झालाय, हे पत्रातून स्पष्ट दिसतं. त्याला खुशाल सोडा. लहानपणी तुम्ही ज्याला हाक मारायचात तो तोच होता का, हे मात्र एकदा आठवून बघा.

तुमच्या पत्रातली संध्याकाळच्या फोनची ओळ मी दोनदा वाचली. ज्यांना आजार नुकताच निघालाय त्या बाईंना तुम्ही रोज काय सांगता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण सकाळी बोटं वळत नाहीत म्हणजे काय, आणि पहिली काही वर्षं किती भीती वाटते, हे त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? निरोगी माणसाला ते जमणार नाही, डॉक्टरांना तेवढा वेळ नसतो. याला मी अर्थ म्हणणार नाही, कारण आत्ताच कबूल केलंय की ते नाव मी देणार नाही. फोन चालू ठेवा, एवढंच सांगते. थकला असाल त्या दिवशी ‘आज मलाच बरं नाही’ असंही त्यांना सांगा. त्यांना तेही ऐकायला हवं.

आता मुलगी. तिच्या प्रश्नाला ‘मला माहीत नाही, मीही त्याला हेच विचारते’ हे खरं उत्तर आहे, तेच द्या. १९ वर्षांच्या पोरीला तयार उत्तरापेक्षा आईचा खरेपणा जास्त कळतो. तिनं देव मानावा की नाही, यावर सध्या बोलू नका. पण त्या प्रश्नामागे दुसरेही प्रश्न असू शकतात. आईचं पुढे काय होणार? मला एकटीला हे झेपेल का? आणि बहुतेक मुली मनात ठेवतात तो: मलाही हे होणार का? जवळच्या नात्यात हा आजार असला तर धोका थोडा वाढतो हे खरं, पण अशा बहुतेक मुलींना तो होत नाही. हे तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिनं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं. पुढच्या तपासणीला तिला बरोबर न्या, आणि तिला तिचे प्रश्न स्वतः विचारू द्या.

तुमची,
ताई